वॉरन स्पान: गाव हरवलेला डावखुरा पिचर आणि एका खोक्यातली कार्डं

मिलवॉकीकर

आमच्या शेजारचे आजोबा गेल्या महिन्यात लेकीकडे कायमचे राहायला गेले. घर आवरताना त्यांनी माझ्या हातात बुटांचा एक जुना खोका ठेवला. "तू बेसबॉल बघतोस, तुझ्याकडे नीट राहील," एवढंच म्हणाले. आत बेसबॉल खेळाडूंची दोनेकशे कार्डं होती. बहुतेकांचे कोपरे गोल झालेले, काहींच्या कडेला कपड्यांच्या चिमट्याचे वळ. त्या काळी पोरं सायकलच्या चाकापाशी चिमट्याने कार्ड अडकवायची, म्हणजे ते आऱ्यांवर आपटून फटफटीसारखं वाजायचं.

त्यातल्या एका कार्डापाशी मी अडकलो. टॉप्स कंपनीचं १९५९ सालचं, ४० नंबरचं. वर्तुळात फोटो, त्यावर छापील सही: वॉरन स्पान. मागची बाजू भिंगाखाली धरली तर जन्मसाल १९३१. स्पान जन्मला २३ एप्रिल १९२१ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये. म्हणजे कंपनीने माणूस चक्क दहा वर्षांनी तरुण करून टाकला. पुढे चूक लक्षात आल्यावर दुरुस्तीही झाली. म्हणून हे कार्ड तीन प्रकारांत सापडतं: स्वच्छ १९३१, मधला ३ अर्धवट पुसलेलं, आणि बरोबर १९२१. माझं पहिल्या प्रकारचं आहे.

मला यात जे भावलं ते असं. हे कार्ड छापलं त्या वर्षी स्पान ३८ वर्षांचा झाला. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा या वयात बहुधा संपलेला असतो. त्याने त्या मोसमात २१ सामने जिंकले. वयाच्या ३९ व्या वर्षी, १६ सप्टेंबर १९६० ला, फिलाडेल्फियाविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट (बेसपर्यंत पोचवणारा फटका) घेऊ दिली नाही, आणि १५ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. चाळिसावा वाढदिवस होऊन पाचच दिवस झाले होते तेव्हा, २८ एप्रिल १९६१ ला, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध दुसरा. दोन्ही इथे, अमेरिकेतल्या आमच्या मिलवॉकीत. आणि १९६३ मध्ये, ४२ व्या वर्षी, २३ विजय आणि फक्त ७ पराभव. कार्डावरच्या चुकीच्या सालाला तो जणू जागत होता.

आता थोडं मागे जातो, कारण इथल्या बऱ्याच जणांना हा माणूस माहीत नसेल.

त्याचे वडील एडवर्ड वॉलपेपर विकायचे. त्यांनी घराच्या मागे मातीचा उंचवटा करून पोराला तिथे घोटून घेतलं. भर वेगावर नाही, लयीवर. सगळं अंग फेकीत उतरलं की हातावर ताण येत नाही, हा त्यांचा आग्रह. स्पानची ती प्रसिद्ध फेक, उजवा पाय पार डोक्याच्या वर जाणारी, तिची मुळं या परसातल्या सरावात आहेत. इतका उंच पाय आला की चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत बॅटरला दिसतच नसे.

१९४२ मध्ये तो बॉस्टन ब्रेव्ह्जकडून पहिल्यांदा खेळला. मॅनेजर होते केसी स्टेंगल. त्यांनी ब्रुकलिनच्या पी वी रीजच्या अंगावर चेंडू टाकायला सांगितलं, स्पानने तसा नेम धरला नाही, आणि स्टेंगलनी "याच्यात धमक नाही" म्हणून त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं. पुढे स्टेंगलनी स्वतःच ही आपली मोठी चूक होती असं कबूल केलं. कारण हा 'धमक नसलेला' मुलगा त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात लष्करात गेला. २७६ वी इंजिनिअर कॉम्बॅट बटालियन. बल्जच्या लढाईत होता. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत रेमागेनच्या लुडेनडॉर्फ पुलाची डागडुजी करणाऱ्यांत होता. ऱ्हाइनवरचा तो पूल १७ मार्चला कोसळला आणि त्याच्याबरोबर अनेक जवान गेले. स्पान थोडक्यात वाचला. जखमी झाल्याबद्दल पर्पल हार्ट मिळालं, रणांगणावरच अधिकारीपद मिळालं.

मोठ्या लीगमधला त्याचा पहिला विजय आला १९४६ मध्ये. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. तिथून सुरुवात करून ३६३ विजय. डावखुऱ्या पिचरांमध्ये आजही कोणी याच्या पुढे नाही. १३ मोसमांत २० किंवा जास्त विजय. ३८२ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने टाकले. अलीकडच्या मोसमांत ३० संघांचे सगळे पिचर मिळून वर्षाला असे पन्नाससुद्धा पूर्ण सामने टाकत नाहीत. आणि एक आकडा मला फार गोड वाटतो: बॅट हातात घेऊन त्याने काढलेल्या हिट्सही ३६३ च. त्यातले ३५ होम रन, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखे.

हे सगळं असूनही स्पानची कार्डं स्वस्त मिळतात. त्याच काळातला दुसरा डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स, त्याच्या कार्डाला जे पैसे मोजावे लागतात त्याच्या पासंगालाही हे दर पुरत नाहीत. मी यावर बरेच दिवस विचार करतोय आणि माझं मत असं झालंय की या माणसाला गाव उरलं नाही. ब्रेव्ह्ज १९५३ मध्ये बॉस्टन सोडून मिलवॉकीला आले. १९६५ नंतर मिलवॉकी सोडून अटलांटाला गेले. स्पान अटलांटाकडून एकही चेंडू खेळला नाही, १९६४ नंतरच त्याला विकून टाकलं होतं. त्याचा पुतळा मात्र अटलांटात उभा राहिला. बॉस्टनला रेड सॉक्स आहेत, मिलवॉकीला आता ब्रूअर्स आहेत. नातवाला मैदानावर नेऊन "हा आपला स्पान" म्हणणारा आजोबा कुठल्या मैदानावर नेणार? कार्डाची किंमत अशा आजोबांवर ठरते.

इथे कोणी जुनी कार्डं, सह्या, तिकिटं, काहीही जमवत असेल तर जरूर लिहा. बेसबॉलच असलं पाहिजे असं नाही.

ठाण्याची_डावखुरी

छान लिहिलंय. मी स्वतः डावखुरी असल्याने नाव वाचूनच धागा उघडला. एक प्रश्न: पिचरचे "विजय" म्हणजे काय? सामना तर संघ जिंकतो ना? आणि आपल्याकडे गोलंदाजाचे बळी मोजतात तसं इथे का नाही?

मिलवॉकीकर

ताई, चांगला प्रश्न आहे. ज्या पिचरच्या वेळेत संघाने शेवटपर्यंत टिकणारी आघाडी घेतली, त्याच्या नावावर विजय लिहितात. सुरुवात करणाऱ्याला तो मिळायचा तर नऊपैकी निदान पाच इनिंग टाकाव्या लागतात. आजचे जाणकार या आकड्याला फार मान देत नाहीत, कारण आपल्या संघाने किती धावा केल्या यावर तो अवलंबून असतो. ते बरोबरही आहे. पण स्पानच्या काळात पिचर नऊच्या नऊ इनिंग टाकायचा, त्यामुळे विजय त्याच्या पदरात टाकणं तेव्हा अन्यायाचं नव्हतं. बळींसारखा हिशेब हवा असेल तर स्ट्राइकआउट बघा: २५८३. हाही मोठा आकडा आहे, पण स्पानचं बळ त्यात नव्हतं. त्याचं म्हणणं असं की बॅटिंग म्हणजे वेळ साधणं आणि पिचिंग म्हणजे ती वेळ चुकवणं. तरुणपणी फास्टबॉल होता, तो मंदावल्यावर त्याने स्क्रूबॉल आणि स्लायडर हे वळणारे चेंडू शिकून घेतले. एका आयुष्यात दोन वेगळे पिचर झाला तो.

गंगाघाट

मी नाशिकचा. तुम्ही ४२ व्या वर्षाचं लिहिलंत आणि मला आमचे बापू नाडकर्णी आठवले. तेही डावखुरे. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. सलग २१ षटकं निर्धाव. माझे वडील ही आकडेवारी पाठ म्हणायचे. शेवटचं शून्य ते मोठ्याने म्हणायचे, कारण त्यांच्या मते खरी कमाल तिथेच होती. बळी मिळत नसताना एवढा वेळ टप्पा न सोडणं हे त्यांना फार मोठं वाटायचं.

१९६३ मध्ये स्पानने एक १६ इनिंगचा सामना टाकला होता असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. त्याबद्दल लिहा ना.

मिलवॉकीकर

दादा, तुम्ही नेमक्या नसेवर बोट ठेवलंत. बापूंच्या ३२ षटकांचे चेंडू होतात १९२. स्पानने त्या रात्री टाकले २०१. दोन्ही घटनांमध्ये जेमतेम सहा महिन्यांचं अंतर.

२ जुलै १९६३, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. एका बाजूला ४२ वर्षांचा स्पान, दुसऱ्या बाजूला २५ वर्षांचा हुआन मारिशाल. नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य. बारा झाल्या, तरी तेच. जायंट्सचे मॅनेजर मारिशालला बाहेर काढायला आले तेव्हा त्याने समोर बोट दाखवून सांगितलं म्हणतात की तो माणूस ४२ वर्षांचा आहे, तो तिथे उभा असेपर्यंत मी जाणार नाही. मारिशालने त्या रात्री २२७ चेंडू टाकले. सोळाव्या इनिंगच्या उत्तरार्धात एक गडी बाद असताना विली मेजने स्पानच्या स्क्रूबॉलवर होम रन मारला आणि सामना १-० असा संपला.

मेज आणि स्पानचं जुनं नातं होतं. १९५१ मध्ये मेज मोठ्या लीगमध्ये आला तेव्हा पहिल्या १२ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नव्हती. २८ मे ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने पहिली हिट घेतली, तीच होम रन, आणि पिचर होता स्पान. पुढे मेजने स्पानला एकूण १८ होम रन मारले, इतर कुठल्याही पिचरपेक्षा जास्त. मला यात स्पानची हार दिसत नाही. इतकी वर्षं इतक्या मोठ्या बॅटरसमोर उभा राहिलेला पिचर हे आकडे अंगावर घेणारच.

चार्ल्सकाठ

धागा वाचून काल मुद्दाम जाऊन आलो. बॉस्टनमध्ये जिथे ब्रेव्ह्ज फील्ड होतं तिथे आता बॉस्टन विद्यापीठाचं निकरसन फील्ड आहे. उजव्या बाजूच्या जुन्या प्रेक्षागृहाचा एक भाग अजून शाबूत आहे आणि त्यात विद्यार्थी बसून फुटबॉल बघतात. मी पायऱ्यांवर अर्धा तास बसलो. शेजारच्या दोन मुलांना विचारलं, त्यांना ब्रेव्ह्ज म्हटल्यावर अटलांटाच आठवलं. तुमचं गावाबद्दलचं म्हणणं तिथे बसल्यावर पटलं.

१९४८ ला याच मैदानातून ब्रेव्ह्ज वर्ल्ड सिरीजला (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) गेले होते. स्पान आणि जॉनी सेन या दोघांवरच संघ चालायचा. बॉस्टन पोस्टच्या क्रीडा संपादकाने तेव्हा एक छोटी कविता लिहिली, तिचं सार असं: आधी स्पान, मग सेन, मग पावसाची वाट बघा. ती इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. गंमत म्हणजे त्या वर्षी स्पानचे विजय १५ च होते, सेनचे २४. पण यमकात स्पान पहिला आला.

मिलवॉकीकर

फार छान केलंत जाऊन. बॉस्टनच्या शेवटच्या मोसमात, १९५२ मध्ये, अख्ख्या वर्षात २ लाख ८१ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. पुढच्याच वर्षी तोच संघ मिलवॉकीत खेळला तर १८ लाखांहून जास्त. इथल्या लोकांनी त्या संघाला अक्षरशः डोक्यावर घेतलं. इथलं काउंटी स्टेडियम २००१ मध्ये पाडलं. त्या जागी मुलांसाठी एक छोटं मैदान केलंय, हेल्फेअर फील्ड. ब्रेव्ह्जचा मोठा बॅटर हँक आरन, त्याचा ७५५ वा, शेवटचा, होम रन जिथे पडला तिथे पार्किंगमध्ये खूण आहे. मी शनिवारी लेकाला तिथे घेऊन जातो.

मिलवॉकीतल्या त्या प्रेमाच्याच वस्तू माझ्या मते सगळ्यात गोड आहेत. टॉप्स आणि बोमन यांची कार्डं देशभर विकली जायची, पण जॉन्स्टन ही इथली बिस्किटं करणारी कंपनी. तिने १९५३ पासून तीन वर्षं बिस्किटांच्या पुड्यातून फक्त ब्रेव्ह्जची कार्डं दिली. १९५४ च्या संचात कार्डाचा नंबर म्हणजे खेळाडूच्या पाठीवरचा नंबर. स्पानचं म्हणून २१. आरनचं ५, कारण पहिल्या वर्षी तो ५ नंबर घालायचा, ४४ नंतर आला. स्पिक अँड स्पॅन नावाचं कपडे धुणारं दुकान होतं, तेही ब्रेव्ह्जची कार्डं द्यायचं. म्हणजे इस्त्रीचे कपडे आणायला गेलेल्या आईबरोबर पोरगं यायचं ते स्पानचं कार्ड घेऊन. आणि याच राज्यातल्या हार्टलँड गावात प्लास्टिकच्या मूर्ती बनायच्या. बेसबॉलच्या १८ खेळाडूंच्या काढल्या, त्यात स्पान, आरन आणि एडी मॅथ्यूज असे तिघे ब्रेव्ह्जचे. आजोबांच्या खोक्यात मूर्ती नव्हती, पण त्यांच्या बहिणीकडे आहे म्हणतात.

तिकीट_ते_ताम्रपट

मी मूळचा टपाल तिकिटांचा माणूस, पण न्यू जर्सीत राहून गेली पंधरा वर्षं बेसबॉलच्या सह्याही जमवतो. धागाकर्त्याने दर का कमी आहेत ते लिहिलंय, त्यात एक साधं कारण मी जोडतो. स्पान निवृत्त झाल्यावर संग्राहकांच्या मेळाव्यांना नेमाने जायचा आणि मागेल त्याला सही द्यायचा. त्यामुळे त्याच्या सह्या मुबलक आहेत. ज्याला खऱ्या सहीपासून सुरुवात करायची आहे त्याला याहून चांगला खेळाडू सांगता येणार नाही. हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलच्या सन्माननीयांच्या यादीतला, माणूस, १९७३ मध्ये पहिल्याच मतदानात निवडलेला, आणि सही खिशाला परवडणारी.

पण एक अनुभव सांगतो, कुणाला उपयोग होईल. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला "१९४८ च्या मोसमातला, बॉस्टनच्या अख्ख्या संघाच्या सह्या असलेला" चेंडू दाखवला. स्पान, सेन, सगळे. शाई छान पिकलेली, चामडं पिवळसर. मी जवळजवळ पैसे मोजलेच होते. मग चेंडू फिरवून छापा वाचला. तेव्हाच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची. नॅशनल लीगचे अध्यक्ष १९३४ ते १९५१ फोर्ड फ्रिक होते, त्यांच्यानंतर १९६९ पर्यंत वॉरन जाइल्स. या चेंडूवर नाव होतं जाइल्सचं. १९४८ चा चेंडू आणि त्यावर १९५१ मध्ये अध्यक्ष झालेल्या माणसाची सही! मी चेंडू त्याच्या हातात परत ठेवला आणि बाहेर पडलो. घरी येईपर्यंत हात थरथरत होते, कारण रक्कम मोठी होती. तेव्हापासून माझा नियम: सह्या नंतर बघायच्या, आधी चेंडू वाचायचा.

ठाण्याची_डावखुरी

बाप रे. हे तर नाण्यांसारखंच झालं. माझे काका जुनी नाणी घेताना आधी टांकसाळीची खूण बघायचे.

पुस्तकवेडी

मला खेळातलं काही कळत नाही, पण बुटांचा खोका वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लहानपणी बिग फन बबलगमबरोबर क्रिकेट खेळाडूंची चित्रं मिळायची. माझा भाऊ गम मला द्यायचा आणि चित्र स्वतः ठेवायचा. डब्यात लावून ठेवायचा, शाळेत अदलाबदल करायचा. आई दिवाळीच्या साफसफाईत तो डबा रद्दीबरोबर देऊन बसली. तो आता पन्नाशीला आला, अजून दर दिवाळीला विषय निघतो.

स्पानची कार्डं पण गमबरोबर मिळायची का?

मिलवॉकीकर

हो ताई, अगदी तसंच. १९४८ मध्ये बोमनने युद्धानंतरचा पहिला संच काढला, फक्त ४८ कार्डांचा, काळापांढरा, आकाराने छोटा. एका सेंटला एक कार्ड आणि एक गम. त्यातलं १८ नंबरचं कार्ड स्पानचं, आणि संग्राहक त्यालाच त्याचं पहिलं कार्ड मानतात. गमचा गुलाबी चौकोन कार्डाला चिकटून राहायचा, त्याचे डाग आजही कित्येक कार्डांवर दिसतात. ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणारे, त्या डागासाठी गुण कापतात. मला तो डाग असलेलं कार्ड जास्त आवडतं. कोणीतरी पोराने त्या दिवशी गम खाल्ला होता, हे त्यावरून कळतं.

भावाच्या डब्याचं वाचून वाईट वाटलं. अमेरिकेतल्या घरोघरी हीच गोष्ट आहे. आयांनी कार्डं टाकली म्हणूनच उरलेल्यांना किंमत आली. कंपनीनेसुद्धा तेच केलं. १९५२ चा टॉप्सचा संच ४०७ कार्डांचा. त्यातली शेवटची कार्डं उशिरा छापली, मोसम संपत आलेला, विकली गेली नाहीत. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली आणि १९६० मध्ये बोटीत घालून अटलांटिकमध्ये बुडवली. यांकीजच्या मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड याच गठ्ठ्यातलं. २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेली.

तिकीट_ते_ताम्रपट

त्याच १९५२ च्या संचात स्पान ३३ नंबरला आहे. पहिल्या ८० कार्डांच्या मागची छपाई दोन तऱ्हेची मिळते, एक काळ्या शाईची आणि एक लाल. म्हणून स्पानचीही दोन घ्यावी लागतात. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी चकचकीत प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेल्या, गुण दिलेल्या कार्डामागे लागू नये असं मी सांगेन. मधोमध नसलेली छपाई, एखादी घडी, हे चालवून घ्या. फक्त कडा तासलेल्या नाहीत ना ते बघा. झिजलेले कोपरे सरळ दिसावेत म्हणून काही लोक कार्ड कापतात. पट्टी लावून मोजलं की चोरी कळते. १९५२ ते १९५६ ची टॉप्सची कार्डं आकाराने मोठी असतात, १९५७ पासून आजचा अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार आला.

आकडेमोड

एक मुद्दा कोणी काढला नाही. युद्धात तीन मोसम गेले, १९४३ ते १९४५. ते मिळाले असते तर स्पान ४०० च्या पुढे गेला असता. साय यंग ५११, वॉल्टर जॉन्सन ४१७, आणि तिसरा स्पान. हे दुःख त्याला नक्की असणार.

मिलवॉकीकर

मी पूर्वी हेच म्हणायचो. पण स्पान स्वतः उलट म्हणायचा. पंचविसाव्या वर्षी आपण मोठ्या लीगसाठी जास्त तयार होतो, आणि ती तीन वर्षं हात वाचला म्हणूनच कदाचित चव्वेचाळीसपर्यंत टिकलो. युद्धात जे पाहिलं त्यानंतर बेसबॉलमधलं कुठलंही काम कष्टाचं वाटलं नाही, असंही तो सांगायचा. रेमागेनच्या पुलावरून उतरलेला माणूस असं म्हणतो तेव्हा मला आपली बेरीज बाजूला ठेवावीशी वाटते. १९४६ चा स्पान १९४२ च्या स्पानपेक्षा वेगळा होता. चारशे विजय त्या पहिल्या स्पानच्या हिशेबात बसतात की नाही हे सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी, १९६५ मध्ये, तो न्यूयॉर्क मेट्सला गेला तेव्हा मॅनेजर पुन्हा स्टेंगलच होते. ज्यांनी त्याला धमक नाही म्हणून घालवलं त्यांच्याच हाताखाली तेवीस वर्षांनी परत.

गंगाघाट

१९५७ ला मिलवॉकी जिंकलं ना? तुमच्या शेजारच्या आजोबांना ते आठवत असेल.

मिलवॉकीकर

काल रात्री त्यांना फोन केला होता, त्यासाठीच परत लिहायला बसलो.

१९५७ ला ते नऊ वर्षांचे. वर्ल्ड सिरीज, समोर न्यूयॉर्क यांकीज. चौथा सामना मिलवॉकीत, ६ ऑक्टोबर. स्पान पहिल्यापासून टाकत होता. नवव्या इनिंगला दोन गडी बाद झालेले, ब्रेव्ह्ज तीन धावांनी पुढे, आणि एल्स्टन हॉवर्डने होम रन मारून बरोबरी केली. दहाव्या इनिंगला यांकीज एका धावेने पुढे गेले. ब्रेव्ह्जची पाळी आली तेव्हा स्पानच्या जागी निपी जोन्स बॅटिंगला आला. चेंडू त्याच्या पायापाशी आपटला. पंच म्हणाले, लागला नाही. जोन्स म्हणाला, लागला. चेंडू उचलून बघितला तर त्यावर बुटाच्या पॉलिशचा काळा डाग! जोन्सला पहिला बेस मिळाला, थोड्या वेळाने मॅथ्यूजने होम रन मारला, ब्रेव्ह्ज ७-५ ने जिंकले आणि विजय स्पानच्या नावावर लागला. जोन्सचा मोठ्या लीगमधला तो शेवटचाच प्रयत्न होता.

आजोबा त्या दिवशी घरी रेडिओपाशी होते. वडील सामना संपल्यावर काही न बोलता उठले, स्वतःचे काळे बूट आणले, पॉलिशची डबी उघडली आणि मुलांना शिकवायला बसले की बूट कसे चमकवायचे. त्या बुटांचाच खोका हा. मला ते काल कळलं.

सातव्या सामन्याला स्पानची पाळी होती, पण त्याला फ्लू झाला, म्हणून लू बर्डेटने टाकला आणि जिंकून दिला. बर्डेट आणि स्पान जिगरी दोस्त. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्या वर्षी स्पानला मिळाला. तेव्हा तो दोन्ही लीग मिळून एकालाच देत असत.

मग मी त्यांना कार्डावरच्या १९३१ बद्दल सांगितलं. वाटलं होतं त्यांना नवल वाटेल. ते म्हणाले, "आम्हा पोरांना तेव्हाच माहीत होतं. स्पान किती वर्षांचा आहे हे मिलवॉकीत कोणाला माहीत नव्हतं? आम्ही ते कार्ड वर्गात दाखवत फिरायचो." आणि लगेच विचारलं, "त्यात बर्डेटचं आहे का बघ. त्याच वर्षीचं. त्याने फोटो काढायला आलेल्या माणसाला फसवून डाव्या हाताने फेकतोय असं दाखवलं होतं, आणि कंपनीने तसंच छापलं. वर नावही चुकवलं, लूचं स्पेलिंग भलतंच."

फोन चालू ठेवून मी खोका पुन्हा उपसला. ४४० नंबर त्यात नाही. आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ते बहुतेक सायकलला लावलं होतं, मागच्या चाकाला.

इथे कोणाकडे १९५९ चं ४४० नंबर जास्तीचं असेल तर मला निरोप पाठवा. कोपरे कसेही असले तरी चालेल, चिमट्याचा वळ असला तर आणखी बरं. पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे, मी गाडीने जाणार आहे.

तिकीट_ते_ताम्रपट

माझ्याकडे आहे. एका कोपऱ्याला घडी आहे आणि मागे कोणीतरी पेन्सिलने टिकमार्क केलाय. पत्ता पाठवा, सोमवारी टाकतो. पैसे नकोत.